फेरा कुठे अडला

या लेखात मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. आमच्या मांगरात उभ्या असलेल्या मोटारसायकलचे इंजिन पूर्ण फेरा का घेत नाही, आणि तो फेरा कोणाच्या हातून अडला? प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. त्याची तपासणी करायला मला नऊ दिवस लागले. नऊ दिवसांचे काम मी चाळीस वर्षे का केले नाही, हे मात्र कुठल्याही पान्याने उघडता येत नाही. ते जसे आठवेल तसे सांगते.

मांगर म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर, गवत, शेणी आणि नांगर ठेवण्यासाठी बांधलेले कौलारू छप्पर. आमच्या मांगराचे वासे यंदा बदलायला झाले, म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला शेजारचा शंकर ते बघायला आला. शंकर माझ्याच वयाचा. तारकर्लीला होड्यांची इंजिने सांभाळण्यात त्याचे आयुष्य गेले आणि आता तोही माझ्यासारखाच घरी बसून असतो. कोपऱ्यातले झावळ्यांचे झाप त्याने उचलले. खालून जुन्या पेंढ्याचा, उंदरांचा आणि विरलेल्या रबराचा वास वर आला. झापांखाली बाबांची मोटारसायकल होती. टाकीवरचा काळा रंग पापुद्र्यांनी सुटला होता, पण हँडल ज्या बाजूला वळवून ठेवले होते त्याच बाजूला वळलेले होते.

"ह्यां अजून आसा?" शंकर म्हणाला. "बाय, सोमवारी भंगारवालो येतलो. ह्यां लोखंड देऊन टाक. मांगर मोकळो होतलो."

मी त्याला थांब म्हटले. भंगारात जाण्याआधी त्या लोखंडाची साक्ष घ्यायची राहिली होती, आणि ती घेणारे आता माझ्याशिवाय कोणी उरले नव्हते.

मी किकवर हात ठेवून दाबले. ती हलली नाही. अशा वेळी जोर करू नये, ही पहिली सूचना. गंजलेल्या इंजिनावर जोर केला तर जुना दोष आणि नवा दोष एकमेकांत मिसळतात आणि मग कोणता कोणाचा ते कळत नाही. प्लग काढावा, त्या भोकातून थोडे डिझेल आणि थोडे तेल सोडावे आणि वाट पाहावी. मी सहा दिवस वाट पाहिली. रोज सकाळी मांगरात जायचे, वाटीभर तेल ओतायचे आणि पालथ्या टोपलीवर बसून राहायचे. बाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास भरून असे. त्या सहा दिवसांत जे आठवले ते आधी सांगते.

बाबा गुरांच्या दवाखान्यात कामाला होते. ते डॉक्टर नव्हते, पण गावे त्यांना डॉक्टरच म्हणत. मोटारसायकलच्या मागच्या पेटीत फिनेलची बाटली, दोऱ्या, मोठाल्या सिरिंजा आणि एक साबण असे. ती पेटी उघडली की येणारा वास माझ्या दृष्टीने बाबांचाच वास होता. जवळच्या कट्टा गावाच्या बाजारात, एसटीच्या थांब्यासमोर, इनासकाकांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, मागे त्यांचे घर. बाबांची आणि त्यांची ओळख एका अडलेल्या गाईपासून झाली असे आई सांगे. गाय इनासकाकांची होती. ती वाचली की गेली, हे मात्र मला कोणी सांगितले नाही.

आमच्या वाडीपुढे साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, होता, आणि पावसाळ्यात साकवावरून पाणी जाई. एका वर्षी बाबा अडलेल्या म्हशीसाठी त्या पाण्यात गाडी घालून बसले आणि गाडीसकट चिवाऱ्याच्या, म्हणजे बांबूच्या, बेटात जाऊन अडकले. पुढच्या जूनपासून इनासकाकांनी एक रीत पाडली. मृग लागायच्या आधी ते आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येत, मोटारसायकलचा प्लग काढून खिशात टाकत आणि त्या जागी भेंडीच्या झाडाच्या लाकडाचे, तेलात भिजवलेले बूच ठोकत. प्लग दसऱ्याला परत मिळे.

"आणि मधीच कोणाची म्हस अडली तर?" बाबा दरवर्षी विचारत.

"चालत जा. म्हस काय मोटारसायकल बघून व्याता?"

"प्लग हंय ठेय. मी हात लावणंय नाय."

"साकवार पाणी इला काय तू थांबतलंस नाय, माका ठाऊक आसा. दी हकडे."

हे संभाषण दरवर्षी जवळजवळ याच शब्दांत होई आणि दोघेही ते नव्याने करत. मग आई चहा आणी. हळूहळू बाजारातल्या इतरांनीही आपापले प्लग इनासकाकांकडे ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. प्रत्येक प्लग जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेला, वर पेन्सिलीने लिहिलेले: गुरांचो डॉक्टर, पोस्ट, गिरण, मास्तर. माणसांची नावे कुठेच नाहीत. त्या डब्याला रॉकेलचा वास येई. पावसाचे चार महिने आजूबाजूच्या गाड्यांचा आवाज त्या डब्यात बंद असे, आणि आम्हा मुलांना ते अगदी स्वाभाविक वाटे. जिकडे तिकडे बेडूक, पागोळ्या आणि चिखलातल्या पावलांचे आवाज. मोटारसायकलची फटफट ही हिवाळ्याची गोष्ट होती.

दसऱ्याला इनासकाका यायचे ते घासून चकचकीत केलेला प्लग घेऊन. तो लगेच लावायचा नाही. आधी बूच काढायचे, भोकावर फडका धरायचा आणि किक हाताने, सावकाश, दोनदा पूर्ण फिरवायची. चार महिन्यांत आत जे काही साचले असेल, ओल असो, किडा असो, ते फडक्यावर येई. फडक्याचा वास घेऊन ते मान हलवत. मग प्लग लागे. पहिली किक त्यांची. इंजिन एकदा खोकले, दुसऱ्यांदा बोलले, की आई हँडलला नव्या भाताच्या लोंब्या आणि गोंड्याच्या फुलांची माळ बांधी. बाबा पुढे, इनासकाका मागे, असे दोघे धामापूरला तलावावर जात. बाबा भगवतीच्या देवळात जाऊन येईपर्यंत इनासकाका तलावाच्या पायरीवर पाय सोडून बसत. परत येताना त्या गाडीचा आवाज पिकलेल्या भातावरून आमच्यापर्यंत आधी येई आणि गाडी बऱ्याच वेळाने. नाताळला बाबा त्यांच्याकडे जात ते नारळ आणि गूळ घेऊन, आणि येताना दोदोल आणि नेवऱ्या असा फराळ घेऊन. त्या पेटीत फिनेलशेजारी ठेवलेल्या नेवऱ्या आम्ही खाल्ल्या आहेत, आणि त्यांना तसा वास नसता तर आम्हाला त्या नाताळच्या वाटल्या नसत्या.

सातव्या दिवशी किक हलली. अर्ध्यावर गेली आणि थांबली. हा गंज नव्हता. गंज सोडताना चिकटून सोडतो. इथे हाताला एक स्पष्ट, कोरडी अडचण लागली. अशीच एक अडचण चाळीस वर्षांपूर्वी बाबांच्या पायाला लागली होती.

आता त्या वर्षाबद्दल लिहिले पाहिजे.

मी बारावीला शास्त्र शाखेत होते. पुस्तकात इंजिनाच्या चार क्रियांची आकृती होती आणि ती मला पाठ होती. त्या मे महिन्यात इनासकाकांनी मोटारसायकलचे हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडून आतली काजळी साफ केली होती. नंतर गाडी पावसापर्यंत उत्तम चालली. दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी कट्ट्याला एसटीतून उतरले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या बहिणीच्या घरी गोव्याला मयत झाले होते आणि ते निघण्याच्या घाईत होते. कागदात गुंडाळलेला प्लग त्यांनी माझ्या हातात दिला.

"बापाशीक सांग, आधी बूच काढ, किक हातान दोन फेरे फिरव, मगेच प्लग लाव. सांगशात मां?"

"सांगतंय, काका."

"काय सांगशात?"

मी म्हणून दाखवले. ते हसले आणि एसटीत चढले.

हा निरोप मी बाबांना दिला नाही. विसरले असे म्हणता येणार नाही. मला तो अनावश्यक वाटला. आकृतीत तसे काही नव्हते. उलट दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाबा कामावरून येण्याआधी, गाडी धुऊन, प्लग लावून, तयार करून ठेवावी आणि त्यांना चकित करावे असे माझ्या मनात आले. भेंडीचे बूच काळे, तेलकट दिसत होते, म्हणून मी ते उपसून चिंच लावून घासले. गाडीवर विहिरीच्या पाण्याच्या पाच कळशा ओतल्या. प्लगचे भोक इंजिनाच्या वरच्या अंगाला असते. ते त्या वेळी उघडे होते. नंतर मी भोवतालचे पाणी स्वच्छ पुसले आणि प्लग घट्ट बसवला. हातपाय धुतले. ओल्या मातीचा, चिंचेचा आणि धुतलेल्या लोखंडाचा तो वास मला अजून आवडतो, हेही इथे नोंदवले पाहिजे.

दसऱ्याच्या सकाळी आईने लोंब्या या वेळी आधीच बांधल्या. प्लग लागलेलाच होता, म्हणून बाबांनी हाताने फेरे न फिरवता थेट किक मारली. ती अर्ध्यावर थांबली. त्यांनी परत मारली. वाडीतले चार जण जमले. तेव्हा अठरा वर्षांचा असलेला शंकर म्हणाला, "डॉक्टरानु, ह्या म्हशीक एक इंजेक्शन मारा." सगळे हसले, बाबाही हसले. मग कोणीतरी सुचवले की घाटीवरून ढकलून गिअरमध्ये टाकू, आपोआप चालू होईल. चौघांनी ढकलले. उतारावर गाडीने वेग घेतला, बाबांनी क्लच सोडला, आणि आतून एक आवाज आला. नारळ दगडावर आपटावा तसा, पण आतल्या आत. मागचे चाक जाग्यावर धरले गेले आणि मातीत हातभर रेघ ओढत गाडी थांबली. हँडलवरच्या लोंब्यांचे दाणे सांडले होते. मी ते गोळा केले.

तिसऱ्या दिवशी इनासकाका गोव्याहून आले ते थेट आमच्याकडे. कपाळावर आठ्या, हातात पान्यांची पिशवी. त्यांनी किक हाताने दाबून पाहिली, परत पाहिली, कान टाकीला लावला.

"खोलूक व्हयां," ते म्हणाले.

बाबा ओसरीवर उभे होते. खळ्यात शेजारी होते. "मे महिन्यात खोललंस तेवढां पुरे झाला," बाबा म्हणाले. "आता आणि काय आत टाकूचां आसा?"

"माझ्या हातान काय पडला असात, तर खोलल्याबिगर कळतलां कसां?"

"तुझो हात आता पयलो रवलो नाय, इनास. दुसऱ्यांचीय गाडी बिघडवशीत."

इनासकाकांनी पिशवीचे तोंड बांधले. बांधायला त्यांना वेळ लागला. जाताना त्यांची नजर माझ्यावरून गेली. त्यांनी विचारले असते, निरोप दिलंस काय, तर मी खरे सांगितले असते असे मला अनेक वर्षे वाटत आले. त्यांनी विचारले नाही. मीही बोलले नाही. मी दारात उभी होते आणि माझ्या हातात चहाचे दोन कप होते. ते मी परत आत नेले.

त्यानंतर आमच्याकडे नाताळचे काही आले नाही आणि आमच्याकडून गणेशचवथीचे काही गेले नाही. बाबांना दुसरी गाडी मिळाली. ही मांगरात गेली. बाबांचे ते वाक्य मात्र मांगरात गेले नाही. कट्ट्याचा बाजार लहान आहे. खळ्यात चार जणांनी ऐकलेले दुसऱ्या दिवशी बाजाराने ऐकलेले असते.

मी शिक्षिका झाले. रोज एसटीने कट्ट्यावरून जात असे. थांब्यासमोर बस उभी राहिली की खिडकीतून इनासकाका दिसत. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून ते बुडबुडे कुठून येतात ते पाहत असत. त्यांच्या भोवती पूर्वीसारखी उघडी इंजिने नसत. पत्र्याखालची जागा झाडून लख्ख असे. मला वाटे, वय झाले, माणसाने सोपे काम धरले. मुलांना निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवणाऱ्या मला हे अनुमान तपासून पाहावेसे वाटले नाही.

नोकरीच्या सहाव्या वर्षी नववीच्या वर्गात द्रवांचा पाठ होता. बाबांची एक जुनी सिरिंज मी वर्गात नेली होती. तिच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला की हवा दबते. मग तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरले. बोट ठेवले, दांडा दाबला. तो अर्ध्यावर थांबला. हाताला लागलेली ती अडचण मला ओळखीची वाटली. मी दुसऱ्यांदा दाबले. मग घाटीवरचा तो आवाज आठवला, मग उघडे भोक, मग पाच कळशा.  पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, पुढे?" मी फळ्यावर लिहिले: द्रव दाबला जात नाही. आणि तास संपवला.

त्या दिवसापासून मला माहीत होते. की नव्हते? मी स्वतःला सांगितले की हे केवळ एक गृहीतक आहे. इंजिन उघडलेले नाही. नटही पडलेला असू शकतो. पुराव्याशिवाय बाबांना कशाला दुखवायचे, आणि पुराव्याशिवाय इनासकाकांकडे कोणत्या तोंडाने जायचे? शास्त्राची शिस्त मी आयुष्यात फार ठिकाणी पाळली, पण तिचा आडोसा केला तो इथेच. पुरावा घरापासून हाकेच्या अंतरावर झापांखाली होता. एक रविवार पुरला असता.

बाबा गेले. दोन वर्षांपूर्वी इनासकाकाही गेले. त्यांच्या मयताला मी गेले होते, मागच्या रांगेत बसले होते.

आठव्या दिवशी मी तपासणी केली. ती कशी केली हे नीट सांगते, कारण तिच्यावर बाकीचे सारे उभे आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो, सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखा. पिस्टनला एक रॉड जोडलेला असतो आणि रॉडचे खालचे टोक एका जड चाकावर, म्हणजे क्रँकवर. पिस्टन एकदा वर जाऊन खाली आला की एक फेरा पूर्ण होतो. फेरा अडत असेल तर तो वर अडतो की खाली, हा खरा प्रश्न. सिलिंडरमध्ये वरून नट पडला असेल, किंवा हेड चुकीचे बसवल्यामुळे हवा आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह अवेळी उघडा राहत असेल, तर पिस्टन वर पोहोचण्याआधी अडेल. तशी चूक मे महिन्यात हेड उघडणाऱ्याची. पण रॉडच वाकला असेल तर तो तोकडा होतो, पिस्टन नको इतका खाली येतो आणि त्याची खालची कड क्रँकवर आपटते. मग फेरा खाली अडेल.

हे पाहायला इंजिन उघडावे लागत नाही. प्लग काढला, त्या भोकातून झाडूचा एक लांब हीर आत सोडला, तो पिस्टनवर टेकवून हलकेच धरला. गाडी शेवटच्या गिअरमध्ये टाकली आणि शंकरने मागचे चाक हाताने सावकाश फिरवले. हीर वर येऊ लागला. मी हिराकडे पाहत होते. मला आता सांगायला हरकत नाही, की त्या क्षणी तो अर्ध्यावर अडावा, एखादा नट आत निघावा, असे मला वाटले. हीर वर आला, अगदी वर, क्षणभर थांबला आणि खाली जाऊ लागला. खाली, आणखी खाली, आणि टक्. चाक थांबले.

"उलटां फिरव," मी म्हणाले. शंकरने उलटे फिरवले. हीर वर चढला, माथा ओलांडला, दुसऱ्या बाजूने खाली उतरला, आणि तळाशी पुन्हा टक्. दोन्ही बाजूंनी तळाशीच. वर काहीही नव्हते.

शंकर टाचांवर बसला. होड्यांच्या इंजिनात आयुष्य गेलेल्या माणसाला हे मला समजावून सांगावे लागले नाही.

"रॉड वाकलोहा," तो म्हणाला. "पाणी होतां आत?"

"होय."

"आणि आमी ढकललां."

"तुमका म्हायत नव्हतां. माका निरोप म्हायत होतो."

तो उठला. त्याने आपली पान्यांची पेटी आणली. नवव्या दिवशी आम्ही हेड काढले, सिलिंडर उचलला. पिस्टनचा माथा स्वच्छ होता. नट पडून दाबला गेला असता तर उमटणारा एकही खड्डा त्यावर नव्हता. व्हॉल्व्ह जागच्या जागी होते. आतल्या भिंतीवर, पिस्टन पूर्वी जिथवर येई तिथे झिजेची जुनी कड होती. आता तो तिच्या खाली, रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा कमी पडत होता. रॉडला डोळ्यांनी दिसेल असा बाक होता. आणि सिलिंडरच्या आतून गंजाची एक आडवी, सरळ रेघ होती, पाणी जिथवर उभे राहिले होते तिथवर. इनासकाकांनी हेडखाली बसवायला कापलेली चकती, गॅस्केट, एकसारखे बसलेले होते. नट सगळे होते, एकही सैल नव्हता. बाजारात ज्या हाताला नावे ठेवली गेली, त्या हाताचे काम चाळीस वर्षांनी मी प्रथमच पाहत होते.

दहाव्या दिवशी मी कट्ट्याला गेले. गॅरेजच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. मागच्या घरात इनासकाकांची बायको, कार्मेलीनकाकी, अंगणात सोलां, म्हणजे आमसुले, वाळत घालत होती. चटईवर लालकाळ्या साली, हाताला तोच रंग. तिने मला ओळखले, बस म्हटले, आणि काम चालू ठेवले.

मी सांगितले. क्रमाने, काही न गाळता. निरोप, बूच, कळशा, घाटी, हीर, रॉड.

"काकांची चूक नव्हती, काकी. पाणी मी ओतलंय. तेंचो निरोप मी सांगूक नाय."

ती बराच वेळ साली पसरत राहिली. एकेक साल, पालथी करून.

"तेका काय वाटा, ठाऊक आसा?" ती म्हणाली. "तेका वाटा, आपल्याच हातान झाला. त्या मे महिन्यात तेच्या डब्यातलो नटाखालचो एक वायसर गावलो नाय. तो म्हणी, तोच आत पडलो. डॉक्टर खरां बोललो."

मला हे ठाऊक नव्हते.

"मगे तेणां इंजिन खोललांच नाय. एकदाय नाय. पंक्चर काढी, चैन घाली, ब्रेक बघी. इंजिनाचां काम इला काय मालवणाक धाडी. प्लग पण सगळ्यांचे परत दिल्यान. 'हात चुकता माझो,' म्हणी. घरात शिलायचां मशीन बिघडला, तां पण खोलूक तयार नाय. खोललान तर नट मोजी. एकदा मोजी, परत मोजी."

बाजारातून एसटीचा भोंगा ऐकू आला. 

"तू तेव्हा खंय होतंस, बाय?"

"मी थंयच होतंय, काकी."

"हं." तिने हात पदराला पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचा काही आधार वाटला नाही. "आता माका सांगान काय होतलां? मी तेका कधी म्हटलंय नाय, तुझो हात चुकलो म्हणान. ज्यांनी म्हटल्यानी तेंका सांग. बाजारात सांग. तेचो हात कसो होतो, तां तेंका दाखव."

म्हणून हा लेख. बाजारात उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही; लिहून, मांडून सांगण्याचाच आहे. मधल्या सोमवारी भंगारवाला आला होता, त्याला शंकरने परत पाठवले. पिस्टन, वाकलेला रॉड, रेघ असलेला सिलिंडर आणि इनासकाकांनी बसवलेले सगळे नट मी मांगरात एका फळीवर मांडून ठेवले आहेत. नटांवर तेलाचा हात फिरवला आहे. बाकी कशालाही घासलेले, पुसलेले नाही.

आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात आपली गाडी इनासकाकांकडून काढून दुसरीकडे नेली, किंवा त्यांचा हात बिघडला असे कोणाकडून ऐकून पुढे कोणाला सांगितले, त्यांना माझी एक विनंती आहे. मांगराला कुलूप नाही. पावसाआधी एकदा या. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तो योग्य वेळी दिला गेला नव्हता. फळीवरच्या वस्तू हातात घेऊन, उजेडात धरून, स्वतः तपासून पाहा.